पाकिटाची किंमत वेगळी

तिसऱ्या मजल्यावर डाव्या हाताला जे दार आहे, त्यावर पाटी नवऱ्याच्या नावाची आहे. पण ती वाचून कुणी बेल वाजवल्याचं मला आठवत नाही. सगळे कात्रीवहिनींकडे जातात. मी बरोबर त्यांच्या खाली, दुसऱ्या मजल्यावर राहतो. त्यांच्याकडे खुर्ची सरकली तरी मला कळतं, आणि खुर्चीवरून जे कळत नाही ते मी वर जाऊन विचारतो. आमची ही म्हणते, "तुम्हाला स्वतःच्या घरात करमत नाही का?" करमतं की. पण आमच्या घरात घडतं काय, तर नळ गळतो.

वहिनींनी एकोणीस वर्षं एका छापखान्यात कटिंग मशीनवर काढली. छापलेल्या मोठ्या तावांचा गठ्ठा पात्याखाली सरकवायचा, कडा जुळवायच्या, आणि एका दणक्यात कापायचा. केसभर चुकलं तर पाचशे पुस्तकांची पानं वाकडी. त्यांच्या हातून कधी चुकलं नाही, असं त्या स्वतः म्हणत नाहीत, त्यांचे मालक म्हणायचे. मग छापखाना बंद पडला. मालकांनी सगळ्यांना सांगितलं, आठवण म्हणून काहीतरी घेऊन जा. कुणी पंखा नेला, कुणी भिंतीवरचं घड्याळ. वहिनींनी जाड कागदाच्या कातरणाच्या चार गोण्या नेल्या आणि नवऱ्याकडून तीन मजले वर चढवून घेतल्या.

नवऱ्याला आम्ही 'होना' म्हणतो. बायको काही म्हणाली तरी "हो ना", थोरली भावजय काही म्हणाली तरी "हो ना". दोघी एकमेकींच्या विरुद्ध बोलत असल्या, तरीही. त्या दिवशी गोण्या चढवतानाही तो प्रत्येक मजल्यावर टेकून "हो ना" म्हणत होता, आणि त्याला कुणी काही विचारलेलं नव्हतं.

त्या कातरणातून वहिनी कार्डं करू लागल्या. वाढदिवसाची, अभिनंदनाची, आजारी माणसाला पाठवायची. रंग नाही, ब्रश नाही. नुसता कागद कापून, थरावर थर चढवून चित्र. कार्ड उघडलं की आत आमचाच जिना असायचा, कडेला वीजमीटरच्या पेटीवर झोपलेलं मांजर, आणि मांजराची मिशीसुद्धा कागदाची, धाग्याएवढी. एकदा त्यांनी गॅलरीत वाळत घातलेले कपडे कापले होते. त्यातला भोकाचा बनियन माझा होता. मी हरकत घेतली, तर म्हणाल्या, "भाऊजी, भोक तुमचं, मी फक्त कापलं."

आता थोरल्या. म्हणजे होनाच्या मोठ्या भावाची बायको, वहिनींची जाऊ. दोन रस्ते सोडून मोठ्या घरात राहतात. महिला मंडळाच्या चिटणीस आहेत. बोलताना मान अशी धरतात, जणू डोक्यावर कुणीतरी पाण्याचा पेला ठेवलाय. लग्न होऊन वहिनी या घरात आल्या तेव्हापासून थोरल्या त्यांची ओळख करून द्यायच्या ती एकाच शब्दात: "ही आमची प्रेसमधली." प्रेस बंद पडून इतकी वर्षं झाली, तरी शब्द तोच.

मंडळाचं दरवर्षी सभागृहात हस्तकलेचं विक्री-प्रदर्शन असतं. कोण कुठलं टेबल मांडणार, कशाची किंमत काय, हे सगळं थोरल्या ठरवतात. वहिनींच्या कार्डांची किंमत त्यांनी सहा वर्षांपूर्वी ठरवली: दहा. "अगं धाकटे, कागदच तर आहे. वर तोही फुकटचा. दहाच्या वर कोण देणार?" आणि दरवर्षी दारं उघडण्याआधी त्या स्वतःच सगळी कार्डं उचलायच्या. "लोकांच्या हातात कशाला कुस्करायला द्यायची? घरातलं घरात राहू दे." वहिनींना वाटायचं, चला, तोंडानं नाही तर नाही, जाऊ हातानं तरी कौतुक करते.

मग माझी दाढ दुखली.

दाताच्या डॉक्टरांकडे मी तासभर बसलो होतो. समोर भिंतीवर आठ चौकटी, आणि एका चौकटीत आमचा जिना. तिसरी पायरी फुटलेली, मीटरवर मांजर. मी खुर्चीतून उठून नाक काचेला लावलं. खाली कोपऱ्यात सही, झोकदार, निळ्या शाईत, थोरल्यांची. तेवढ्यात मला आत बोलावलं आणि अर्धं तोंड बधिर केलं. पण बाहेर आल्यावर त्या उरलेल्या अर्ध्या तोंडानं मी डॉक्टरीणबाईंना विचारलंच. या डॉक्टरीणबाई म्हणजे डॉक्टरांची बायको. दवाखान्याचा हिशेब त्याच बघतात, आणि महिला मंडळाच्या अध्यक्षही त्याच.

"ती ना?" त्यांचा चेहरा उजळला. "आमच्या चिटणीसबाई करतात. स्वतःच्या हातानं. काय बोटं आहेत हो! आम्ही मंडळासाठी त्यांच्याकडूनच घेतो, दीडशेला एक. तेही त्या घ्यायलाच तयार नसतात, आम्ही बळेबळे देतो."

मी पोटात ठेवणारा माणूस नाही. मुळात माझ्या पोटात तेवढी जागाच नाही. घरी न जाता तडक तिसरा मजला गाठला आणि, तोंडाची एक बाजू लोंबत असताना, सगळं सांगितलं. वहिनी कापत होत्या. कात्री थांबली नाही.

"सही शाईनं होती की पेन्सिलनं?"

"शाईनं."

"बरं," त्या म्हणाल्या.

आणखी काही नाही. मला जरा वाईटच वाटलं. एवढी बातमी आणली, भांडं तरी आपटायचं! मी म्हटलं, "वहिनी, आत्ताच्या आत्ता जाऊन जाब विचारा. मी येतो बरोबर. वाटलं तर आमच्या हिलापण घेऊ."

"जाब विचारला की त्या रडतील. रडल्या की सगळे त्यांना पाणी देतील. आणि कार्डं त्यांचीच राहतील." त्यांनी हातातला तुकडा उजेडात धरून बघितला. "मला जाब नकोय भाऊजी. माझ्या हातचं माझ्या नावावर हवंय. आणि ते त्यांच्याच हातानं हवंय."

त्यानंतर महिन्याभरानं थोरल्या स्वतः आल्या. मी तेव्हा वर होतो. आमच्याकडची साखर संपली होती, असं समजा. मंडळाला पंचवीस वर्षं होत होती, मोठा समारंभ होता, बाहेरचे पाहुणे येणार होते. प्रत्येक पाहुण्याला एक कार्ड द्यायचं ठरलं होतं. हे त्यांनी असं सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, "धाकटे, यंदा प्रदर्शनाला चाळीस कर हं. सगळी सारख्या मापाची. तुझा वेळही बरा जाईल."

"चाळीस?" वहिनी म्हणाल्या. "संपतील?"

"मी आहे ना! आणि किंमत आपली तीच, दहा."

"दहा कशाला जाऊबाई," वहिनी म्हणाल्या, "पाच ठेवू."

माझ्या हातातली साखरेची वाटी कलंडली. थोरल्यांनी मात्र मायेनं वहिनींच्या खांद्यावर थोपटलं. "बघ, आता समजायला लागलं तुला. हौसेला मोल नसतं."

त्या जिना उतरून जाईपर्यंत मी श्वास धरून बसलो, आणि मग सोडला. "पाच? तुमचं डोकं फिरलंय का? अहो, माणूस चिडला की किंमत वाढवतो!"

"चला, वाढवू," वहिनी म्हणाल्या. "लिहा."

छापखान्यात असताना त्यांनी मालकांना हजारो वेळा असा हिशेब करताना बघितलं होतं. त्या सांगत गेल्या, मी जुन्या वहीच्या मागच्या पानावर मांडत गेलो. कागद फुकटचा आहे हे विसरायचं, कारण गोण्या संपल्या की विकतच आणावा लागणार: बारा. खळ, म्हणजे कागद चिकटवायची पातळ लापशी, आणि पातं: आठ. वेळ अडीच तास. तासाचा दर, छापखान्याच्या शेवटच्या महिन्यात त्यांना मिळायचा तोच, एक पैसा जास्त नाही: पन्नास.

"झाले एकशे पंचेचाळीस," मी म्हणालो.

"पाच माझ्या मानेचे. दुखते."

"दीडशे."

आम्ही दोघं त्या आकड्याकडे बघत राहिलो. वहिनी हसल्या, पण ते हसणं मी तरी कुणाला वाढदिवसाला दिलं नसतं.

"बघितलंत? तिला किंमत बरोबर माहीत होती. अगदी मानेच्या पाचासकट. कळत नसतं ना, तर मी सोडून दिलं असतं. सहा वर्षं तिला पक्कं कळत होतं."

"मग पाच का?"

"ती कार्डाची. पाकिटाची वेगळी."

मला कळेना. त्यांनी टेबलावरून एक तयार कार्ड उचलून माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "खाली जा, तुमच्याकडचं कुठलंही पाकीट घ्या, आणि त्यात हे घालून दाखवा."

मी खाली गेलो. आमच्याकडे कार्डांची पाकिटं पडून होती, सगळ्या दुकानांत मिळतात तीच, पाच बाय सातची. कार्ड आत जाईना. आडवं घातलं, उभं घातलं, कोपऱ्यातून घातलं. ही म्हणाली, "काय चाललंय? मांजराला मोजा घालताय का?" त्याच्यापेक्षा मोठं पाकीट घेतलं, तर त्यात कार्ड असं हिंदकळायला लागलं, जणू धाकट्यानं थोरल्याचा कोट घातलाय. वर आलो.

"किती मोठं केलंय?"

"दोन सूत," वहिनी म्हणाल्या. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. छापखान्यातली माणसं अजून त्यातच मोजतात. "दोन्हीकडून दोन सूत. डोळ्याला दिसत नाही. पाकिटाला दिसतं."

"पण त्या कापून घेतील की कडा!"

वहिनींनी कार्ड उजेडात धरलं. या वेळी चित्राभोवती बारीक जाळी होती, थेट कडेपर्यंत गेलेली. एक सूत जरी छाटलं, तरी जाळी उसवून सगळं चित्र हातात आलं असतं. ते बघून माझ्या अंगावर काटा आला. मला ही बाई गेली बावीस वर्षं चहा देत होती.

प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी टेबलावरची पाटी मी लिहिली. माझं अक्षर बरं आहे. वहिनींनी सांगितलं तसंच लिहिलं, मोठ्या ठळक अक्षरात: 'कार्ड – पाच. पाकीट – विचारा.' मी म्हटलं, "हे वाचून त्या विचारतील ना!"

"नाही वाचणार. सहा वर्षं पाट्या त्यांनी लिहिल्यात. स्वतः लिहिणारं माणूस वाचतंय कशाला?"

आणि झालं तसंच. सभागृहाची दारं उघडायच्या अर्धा तास आधी थोरल्या आल्या, हातात कापडी पिशवी. पाटीला त्यांचा पदर घासून गेला, नजर नाही गेली. चाळीस मोजली, दोनशे ठेवले, वर म्हणाल्या, "यंदा जाळी छान झालीये गं. डोळे बघ हो, फार ताणू नकोस." वहिनींनी पावती फाडली. पावतीवर खाली मंडळाची नेहमीची ओळ छापलेली होती: विकलेला माल परत घेतला जाणार नाही. ही ओळही थोरल्यांनीच घातलेली, तीन वर्षांपूर्वी, कुणीतरी मण्यांची पिशवी परत आणली म्हणून.

"पाकिटं लागली तर सांगा हं," वहिनी म्हणाल्या. बघा, बजावलंसुद्धा. पण थोरल्या तोवर दाराशी पोचल्या होत्या.

समारंभ पुढच्या रविवारी होता. शुक्रवारपर्यंत काही नाही. मी दोनदा वर जाऊन विचारून आलो, तर वहिनी जोंधळे निवडावे तशा शांतपणे पाकिटं घडी घालत होत्या. जाड, दुधी रंगाची, आणि झाकणाच्या टोकाला कापलेली तीच जाळी. गुळगुळीत पट्टी घडीवरून एकदाच ओढायची. आवाज असा यायचा, कुणीतरी हळूच "गप" म्हणाल्यासारखा.

शुक्रवारी संध्याकाळी आमच्या हिनं बातमी आणली. हीसुद्धा मंडळात आहे, आणि बातमी आणण्यात माझ्यापेक्षा एक पायरी वरच आहे, फक्त कबूल करत नाही. थोरल्यांना तीन दुकानांत बघितलं होतं. पहिल्या दुकानात त्या दुकानदारावर ओरडत होत्या, की तुमची पाकिटं आटलीत. दुसऱ्या दुकानात हळू आवाजात बोलत होत्या. तिसऱ्या दुकानात दुकानदारानं सांगितलं, "या मापाचं बनवून मिळेल बाई. हजार नग कमीत कमी, आणि दहा दिवस."

रात्री म्हणे त्यांनी घरीच पाकिटं करून बघितली, भेटवस्तूच्या कागदाची. त्यांच्या मोलकरणीनं सकाळी ती केरात बघितली. म्हणाली, औषधाच्या पुड्यांसारखी दिसत होती.

शनिवारी सकाळी नऊला थोरल्या वर चढल्या. त्यांच्या चपलांचा आवाज मी ओळखतो; त्या दिवशी तो जरा घसटत येत होता. मी लगेच स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि मागोमाग वर गेलो. वहिनींच्या दाराची कडी ढिली होती. म्हणजे होईल कधीतरी.

थोरल्यांनी पिशवी टेबलावर उपडी केली. "धाकटे, ही कसली मापं घेतलीस गं? एकही पाकीट बसत नाही."

"पाटीवर लिहिलं होतं, जाऊबाई. पाकीट विचारा."

"मग आता विचारते! दे चाळीस. किती घेशील? पाच? दहा?"

वहिनी कार्डं मोजत होत्या. चौतिसाला थांबल्या. खाली सहा होती, पण त्यांची जाळी उसवलेली, मांजराचं डोकं एका बाजूला आणि शेपूट दुसऱ्या.

"ही कुणी कापली?"

"बघत होते... बसतात का म्हणून." थोरल्यांची मान पहिल्यांदाच सरळ नव्हती. "कात्री बोथट होती."

"कात्री नाही, जाऊबाई," वहिनी म्हणाल्या. "स्वतःच्या हातानं केलेलं कार्ड कुणी कडेनं कापतं का? केलं असतंत तर माहीत असतं, जाळी कुठवर गेलीये ते."

मी कडीत स्क्रू-ड्रायव्हर घातला आणि फिरवायला लागलो. थोरल्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की कडीच्या जागी मीच निखळून पडावा. "यांचं काय काम आहे इथे?"

"त्यांचं काम चाललंय. तुमचं सांगा."

"पैसे सांग ना! वीस? पन्नास दे म्हण, मी देते. उद्या दहाला समारंभ आहे. अगं, माझी अब्रू आहे तिथे."

"पैसे नकोत."

"मग?"

वहिनींनी कपाटातून एक लहानसा डबा काढला. त्यात नवा रबरी शिक्का आणि शाईची गादी. एका कोऱ्या कातरणावर त्यांनी तो उठवला. स्वच्छ, लहान अक्षरं: 'कल्पना, कापणी आणि घडी', आणि त्याखाली त्यांचं स्वतःचं नाव, आडनावासकट.

"प्रत्येक पाकिटाच्या झाकणावर हा एक. ही पाकिटाची किंमत."

थोरल्या त्या कातरणाकडे बघत राहिल्या. वाचायला फार काही नव्हतं, पण त्यांना वेळ लागला.

"अगं पण... डॉक्टरीणबाईंना मी सांगितलंय की..."

"काय सांगितलंय?"

"हेच... की हौस म्हणून करते."

"कोण?"

थोरल्या पिशवीचे बंद सारखे करायला लागल्या.

"कोण करतं, जाऊबाई?"

"तुला कुणी सांगितलं?" असं म्हणून त्यांनी गर्रकन माझ्याकडे बघितलं. माणसाला कडी घट्ट करण्यात किती रमता येतं, ते मला त्या क्षणी कळलं.

मग जे व्हायचं ते झालं. थोरल्या खुर्चीवर बसल्या, पदर डोळ्यांना लावला. घरच्या माणसांनी घरच्यांचीच मान खाली घालायची का, तू या घरात आलीस तेव्हा मीच तुला अंगाखांद्यावर खेळवलं, असलं बरंच. त्यांच्यापेक्षा वहिनी फक्त चार वर्षांनी लहान आहेत, पण असो. नेमका त्याच वेळी होना बाजारातून आला, दोन्ही हातांत पिशव्या. थोरल्या म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हीच सांगा, अशी वागते का सख्खी जाऊ?" होना म्हणाला, "हो ना." वहिनी म्हणाल्या, "सहा वर्षं माझ्या कामावर दुसऱ्याची सही होती, तुम्हाला पटतं का?" होना म्हणाला, "हो ना... म्हणजे नाही ना..." आणि पिशव्या तशाच घेऊन परत जिना उतरला. बहुतेक आणखी काहीतरी आणायचं राहिलं असावं.

थोरल्यांनी वाट बघितली. कुणी पाणी दिलं नाही. मला खरं तर वाटलं होतं उठावं, पण वहिनींनी नुसतं माझ्याकडे बघितलं, आणि मी बसलो.

शेवटी पदर खाली आला. "दे. उठव शिक्के."

"मी नाही," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही."

आणि हे मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, नाहीतर सांगितलं नसतं. महिला मंडळाच्या चिटणीस, ज्यांच्या डोक्यावरचा पाण्याचा पेला कधी हलत नाही, त्या धाकट्या जावेच्या टेबलाशी बसून पाकिटावर शिक्के मारत होत्या. वहिनी शेजारी उभ्या. "गादीवर दाबू नका, टेकवा. शाई फुटते." तिसरं पाकीट वाकडं आलं. वहिनींनी उचललं, उजेडात बघितलं आणि फाडलं. "हे नाही चालणार. छापखान्यात असं बाहेर सोडत नसत." थोरल्यांनी नवं पाकीट घेतलं. बाराव्याला शाई पुसट लागली, तेही गेलं. सतराव्यानंतर थोरल्यांना जमायला लागलं. मग वहिनींनी बोलणंही थांबवलं. मधूनच बोट दाखवायच्या, की इथे, एक सूत वर.

चौतीस झाल्यावर थोरल्या म्हणाल्या, "अजून सहा कार्डं लागतील."

"आहेत," वहिनी म्हणाल्या. "मी अठ्ठेचाळीस कापली होती. छापखान्यात नेहमी वायाला जाणारी धरूनच मोजतात." त्यांनी कपाट उघडलं. "ही घ्या सहा. ह्यांची किंमत वेगळी."

"पाच ना?"

"दीडशेला एक. आणि जाऊबाई, ही किंमत मी नाही ठरवलेली."

थोरल्यांनी पर्स उघडली. नऊशे काढून टेबलावर ठेवले. वहिनींनी पावती फाडली. पावतीवरची ती छापील ओळ, परत न घेण्याची, त्यांनी बोटानं दाखवली सुद्धा. मला ते जरा जास्तच वाटलं. पण मी कोण बोलणार, माझं काम कडीचं.

रविवारचं आमच्या हिच्याकडून कळलं. पाहुण्यांना कार्डं वाटली. डॉक्टरीणबाईंनी एक पाकीट उलटं करून वाचलं, चष्मा लावून परत वाचलं. "हे कोण?" थोरल्या म्हणाल्या, "आमची धाकटी जाऊ. तिनं थोडी मदत केली." डॉक्टरीणबाईंनी पाकीट डोळ्यांजवळ नेलं. "मदत? इथे कल्पना त्यांची, कापणी त्यांची, घडी त्यांची. मग तुम्ही काय केलंत?" आमची ही सांगते, आसपासच्या पाच-सात जणींनी आपापली पाकिटं उलटी केली. थोरल्या म्हणाल्या, "मी शिक्के मारले." आणि लोकांना वाटलं, काय विनोद केला! सगळ्याजणी हसल्या. फक्त डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मी दाढेला टोपी बसवायला गेलो, तर भिंतीवरच्या आठही चौकटी उतरवून टेबलावर उलट्या घालून ठेवल्या होत्या, आणि सहीच्या जागी कागदाची पट्टी कशी चिकटवावी याची चर्चा चालू होती.

संध्याकाळी हे सगळं सांगायला मी वर गेलो. वहिनी खुशीत असतील, चहाबरोबर काहीतरी गोडही मिळेल, असा माझा अंदाज होता. त्या टेबलाशी बसून कापत होत्या. मी चौकटींचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं." मी पट्टीचं सांगितलं. "बरं."

"अहो, झालं की आता!" मी म्हटलं. "नाव मिळालं, त्यांच्याच हातानं मिळालं, भर सभेत मिळालं. आता सोडा. काही झालं तरी जाऊ आहे."

कात्री थांबली. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं वाकड्या शिक्क्याच्या पाकिटाकडे बघितलं होतं.

"भाऊजी, हे यंदाचं झालं," त्या म्हणाल्या. "मागची सहा वर्षं अजून राहिलीत." आणि पट्टीनं कागदावर माप घ्यायला लागल्या. कसलं माप, ते मी विचारलं. त्यांनी सांगितलं नाही. माझ्या बावीस वर्षांच्या शेजारात हे पहिल्यांदाच झालं. आता मी रोज एकदा वर जाऊन येतो. आमच्याकडची साखर हल्ली फार लवकर संपते.